धोंडीबाईची जागा

या व्यवहारात धोंडीबाईला मिळणार होता एक मोठा फोटो, भिंतीवर टांगायला. आधार कार्डावरचा तिचा चेहरा पोलीस शोधत असल्यासारखा आला होता, आणि आपल्यामागं पोरं त्यालाच हार घालतील ही तिला धास्ती. बदल्यात द्यायचं काय, तर अळंब्यांची जागा दाखवायची.

शेणवे गावात ही जागा कोणी कोणाला दाखवत नाही. श्रावणात अळंबी फुटतात ती ठरावीक वारुळापाशीच, वर्षानुवर्षं. पहाटे जायचं, हातानं उपटायची, लोखंड लावायचं नाही, चार मागं ठेवायची. धोंडीबाईला तिच्या सासूनं जागा दाखवली ती मरायच्या आदल्या वर्षी. सून रंजिता नऊ वर्षं विचारत होती. उत्तर ठरलेलं: हातपाय चालतात तोवर नाही.

दिपेश फोटोग्राफर मात्र गोडबोल्या. आटगाव स्टेशनला उतरून जीपनं आला आणि तीन दिवस कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. आधी माणूस, मग फोटो, अशी त्याची रीत. चुलीपुढं बसून भाकरी खाल्ली, धोंडीबाईची पाटी उचलली, तिच्या सासूच्या गोष्टी ऐकल्या. रंजितानं कधी ऐकल्या नव्हत्या. ऐकणार कधी, भाताची लावणी कोण करणार?

चौथ्या पहाटे वारुळापाशी धोंडीबाईनं विचारलं, "कुनाला सांगशील नाय ना रे?"

"आजी, गावाचं नावसुद्धा लिहिणार नाही."

नाही लिहिलं. दिवाळीला फ्रेम आली. फोटोत धोंडीबाई अशी हसत होती, की शेजारणी म्हणाल्या, ही आमची नव्हंच.

पुढच्या श्रावणात तिचे गुडघे कुरकुरायला लागले. एका पहाटे तिनं आपणहून रंजिताला उठवलं, पाटी तिच्या डोक्यावर दिली.

वारुळाभोवती बारा माणसं, बारा कॅमेरे. स्टँड सरळ उभा राहावा म्हणून कोणीतरी फावड्यानं अर्धं वारूळ सपाट केलं होतं. अळंबी केव्हाच उपटून झाली होती. दोघं जण तीच पुन्हा चिखलात खोचत होते, फोटोपुरती.

दिपेश हसत पुढं आला. "आजी, अगदी वेळेवर आलात. इथं बसा, उपटताय असं दाखवा."

"तू बोल्लास, कुनाला सांगनार नाय."

"कुठं सांगितलं? बघा की, एका अक्षरानं लिहिलं नाही. स्वतः घेऊन आलो."

धोंडीबाई बसली नाही. रंजितानं चिखलातलं एक अळंबं उचललं, पदराला पुसलं.

"आई, हीच का ती जागा?"

"व्हती," धोंडीबाई म्हणाली.

त्यानंतर दोन श्रावण गेले, तिथं काही फुटलं नाही. बारा जणांना बारा फोटो मिळाले. दिपेशला नाव मिळालं. धोंडीबाईची भिंत भरली. किंमत मोजली ती रंजितानं, जिनं या व्यवहारात काहीच घेतलं नव्हतं. फ्रेमवरची धूळसुद्धा तीच पुसते.