वहिनींची पिकअप

मिस्त्रींच्या शब्दाला गल्लीत वजन होतं. तीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. गाडी फाटकातून आत यायच्या आधीच नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचे. त्यामुळे थोरल्या भावाच्या घरामागच्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी असलेली पिकअप बघून त्यांनी "भंगार" म्हटलं, तेव्हा विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. फक्त वहिनींनी धरलं नाही.

वहिनी खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवायच्या. हात असा, की फाटकी खुर्ची त्यांच्याकडून परत गेली की घरचे लोक तिच्यावर बसायला कचरायचे. त्या महिन्यात एका नाट्यगृहाच्या चाळीस खुर्च्या तयार होऊन पडल्या आणि ठरवलेला टेम्पोवाला आलाच नाही. खुर्च्या पोचेपर्यंत चार दिवस गेले आणि नाट्यगृहानं पुढचं सगळं काम दुसऱ्याला दिलं. वहिनींनी आदळआपट केली नाही. शेडची कडी काढली, पिकअपवरची धूळ झटकली आणि दिराला निरोप धाडला.

"वहिनी, इंजिन जाम आहे," मिस्त्री म्हणाले. "पिस्टन आत घट्ट धरून बसलेत. वायरी उंदरांनी खाल्ल्यात. आणि टाकीत पेट्रोल नाही, काढा आहे काढा."

"जाम म्हणजे मोडलंय का?"

"मोडलं नाही, पण हलणारही नाही."

"मोडलं नाही ना? मग भाऊजी, एवढंच सांगा. हलवायचंच झालं तर कुठून हलवतात?"

ओट्यावर आरामखुर्चीत बसलेल्या दादांनी वर्तमानपत्राआडून सल्ला दिला, "सांगून टाक बाबा. तिनं एकदा मनात घेतलं की माझं काही चालत नाही, तुझं काय चालणार?"

मिस्त्रींनी पिच्छा सोडवायला म्हणून सांगितलं: प्लग काढायचे, त्या भोकांतून पातळ तेल सोडायचं, ते मुरू द्यायचं, मग पुढच्या पुलीच्या बोल्टाला लांब पाना लावून रेटायचं. "पण हिसका द्यायचा नाही. आतलं काही तुटलं तर संपलं." एवढं बोलून ते गेले आणि विसरले.

तीन आठवड्यांनी ते आले ते भंगारवाल्यालाच बरोबर घेऊन. एकदाची ब्याद जाऊ दे, वहिनींचा जीवही सुटेल, असा त्यांचा हिशेब. वहिनी शेडमध्येच होत्या. मिस्त्री वाकून पुढून आत बघायला लागले आणि तसेच वाकलेले राहिले.

पुलीवर शिवणकामाच्या खडूनं एक बारीक रेघ ओढलेली होती. तिच्यासमोर, इंजिनाच्या अंगावर, आणखी रेघा होत्या आणि प्रत्येकीशेजारी तारीख. पहिल्या रेघेशेजारी तर एकाखाली एक बारा तारखा.

"हे काय?"

"रोज सकाळी मशीनवर बसायच्या आधी तेल घालते आणि थोडं रेटून बघते," वहिनी म्हणाल्या. "पहिले बारा दिवस ढिम्म. तेराव्या दिवशी केसभर सरकलं. मग मागे, मग पुढे. काल बोटभर."

मिस्त्रींनी पाना हातात घेतला आणि रेटला. पुली फिरली. आतून तेलाचा ओला सुस्कारा आला. आपण असतो तर तिसऱ्याच दिवशी हातोडा उचलला असता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हाताखालच्या किती पोरांना त्यांनी "धीर धर" म्हणून झापलं होतं. पण बारा दिवस काहीही हललं नसताना तेराव्या दिवशी पुन्हा तितक्याच हलक्या हातानं रेटणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी भंगारवाल्याकडे वळून सांगितलं, "तुम्ही जा. इथं भंगार नाही."

त्यानंतर दर रविवारी ते स्वतःहून यायला लागले. टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटर खोलून साफ केला. वायरींच्या कामाला मात्र वहिनींनी कुणाला हात लावू दिला नाही. एकेक कुरतडलेली वायर सोडवायची, तिच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाचा दोरा बांधायचा, तेवढीच नवी कापायची. बोनेटखाली लाल, पिवळ्या, निळ्या दोऱ्यांच्या गाठी दिसायला लागल्या. मिस्त्रींना त्यात एकही चूक सापडली नाही. त्यांनी दोनदा शोधली.

पाचव्या रविवारी दुपारी इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि काळ्या धुराचा लोट सोडून सुरू झालं. दादा वर्तमानपत्रासकट धावत आले. "अगं, घर पेटलं की काय?"

"दादा, चालू झाली!" मिस्त्री ओरडले. त्यांच्या अंगात वीस वर्षांचा पोरगा संचारला होता. "बसा वहिनी, खालच्या चौकापर्यंत एक चक्कर मारून येऊ."

वहिनी बसल्या, पण गिअरला हात लावला नाही. "ब्रेक?"

"मी मघाशीच बघितलेत. लागतायत."

"तुम्ही हळूच दाबून बघितलंत. अचानक कुणी आडवं आलं तर हळू कोण दाबतं?" असं म्हणून त्यांनी जागेवरच दोन्ही पायांनी पेडल दाबलं. फट्! पुढच्या चाकामागून तेलाची चिळकांडी उडाली. ब्रेकचा जुना रबरी पाइप फुटला होता.

घरापासून चौकापर्यंतचा रस्ता सरळ उताराचा होता. मिस्त्रींना क्षणात तो सगळा दिसला. तीस वर्षांचा अनुभव, आणि रबर अकरा वर्षांत कुजतं एवढं साधं लक्षात राहू नये! आता वहिनी काय बोलतील, म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले.

"बरं झालं, इथंच फुटला," वहिनी म्हणाल्या आणि तेल पुसायला फडकं आणायला गेल्या. त्या दिवशी नाही, पुढेही कधी त्यांनी तो विषय काढला नाही. दादांनी काढायला तोंड उघडलं होतं, तर त्यांच्यासमोर चहाचा कप आला.

ब्रेकचे सगळे पाइप मिस्त्रींनी स्वतः नवे घातले, शिकाऊ असताना आडवे व्हायचे तसे जमिनीवर पाठ टेकून. मग वहिनींना हाक मारली. "दाबा. हवं तेवढं जोरात."

वहिनींनी दहादा दाबलं. मग म्हणाल्या, "आता जाऊ."

पहिली खेप वाचनालयाच्या सोळा खुर्च्यांची. वहिनी चालवत होत्या, शेजारी मिस्त्री. उतारावर मिस्त्रींचा पाय समोर नसलेलं पेडल दाबत होता, पण गाडी वहिनींच्या हातात शहाण्या जनावरासारखी उतरली. चौकातल्या ओळखीच्या लोकांनी वळून बघितलं. मिस्त्रींची छाती उगाचच फुगली.

वाचनालयाच्या दारात ग्रंथपाल बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "कमाल केलीत मिस्त्री! ही तर मेलेली होती."

"मी नाही हो," मिस्त्री म्हणाले. "मी हिला भंगारात काढली होती, माणूससुद्धा घेऊन आलो होतो. गाडी वहिनींनी उठवली. मी आपला हाताखाली होतो." हे सांगताना जीभ जराही अडखळली नाही, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

ग्रंथपाल काही विचारणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"भाऊजी, बोलणं झालं असेल तर ही खुर्ची दुसऱ्या बाजूनं धरा. नवं कापड घासतंय."

"धरतो, धरतो," म्हणत मिस्त्री लगबगीनं मागे गेले.