अ, ब आणि मागच्या अंगणातला मी

मित्रांनो, वरून पाहिलंत तर मी तुम्हाला कापड उडून गेलेली छत्री वाटेन. खालून पाहिलंत तर टीव्हीची जुनी अँटेना. मी यांतला कुणीच नाही. मी कपडे वाळत घालायचा एक जुना फिरता खांब आहे. जमिनीत रोवलेला एक पाय, चार लोखंडी हात, हातांवरून ताणलेल्या तारा आणि पोटाशी एक हँडल. हँडल फिरवलं की मी उंच होतो, वारा आला की गोल फिरतो. ॲडलेडमधल्या एका मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडाशेजारी, माझं सगळं आयुष्य गेलं.

मला लेस नावाच्या प्लंबरने विकत आणलं. त्याने खड्डा खणला, सिमेंट ओतलं आणि शेजाऱ्यांना बिअर प्यायला बोलावलं. त्या दिवशी माझं काय ते कौतुक! लेसच्या बायकोने तर मला मिरवण्यासाठी कपाटातले धुतलेले कपडे पुन्हा धुऊन काढले. फक्त सिमेंट सुकायच्या आत एक पाहुणा ग्लास घेऊन माझ्यावर रेलला. तेव्हापासून मी जरा डावीकडे झुकलेला आहे. पाहुणा आपला सरळ चालत घरी गेला.

लेस म्हातारा झाला, घर विकलं गेलं, आणि पेंगली कुटुंब राहायला आलं. डॉ. हेमिश पेंगली विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवतो. त्याची बायको कोरीन रुग्णालयात नर्स आहे. त्यांची मुलगी ब्रायोनी नऊ वर्षांची आहे. शिवाय कुंपणापलीकडे मर्ल नावाची म्हातारी शेजारीण. तिच्या बाजूची एक फळी केव्हाच निखळली आहे. ती कुणी बसवत नाही, कारण मर्लला तिथूनच डोकं आत घालून बोलायला आवडतं.

मित्रांनो, मला कुणी काही सांगत नाही, पण मला सगळं कळतं. माणूस तोंडाने थापा मारेल, त्याचे मोजे मारत नाहीत. कोरीनचे निळे गणवेश तारेवर गर्दी करू लागले की रुग्णालयात माणसं कमी आहेत, हे मी ओळखतो. मध्यंतरी सगळं जग घरात बसलं होतं, तेव्हा हेमिशचे इस्त्रीचे शर्ट रोज वाळत पडायचे आणि पँट एकही नाही. त्या वर्षी विद्यापीठ कंबरेच्या वरच चालू होतं.

हेमिशच्या छंदांचा जमाखर्चही माझ्याच तारांवर मांडलेला आहे. आधी सायकलवाल्यांच्या घट्ट चड्ड्या आल्या. एक उन्हाळा टिकल्या, मग त्यांची फडकी झाली. नंतर मधमाश्या पाळायचा पांढरा झगा आला. त्याच्या आत एक माशी शिरली, हेमिश माझ्याभोवती गोल गोल पळाला, आणि झगा पुन्हा कधी दिसला नाही. मग त्याने घरी चीज करायचं ठरवलं आणि पातळ फडक्यातली ती ओली गाठोडी माझ्या हाताला टांगली. मॅगपाय पक्ष्यांनी त्या वर्षी आपली पिल्लं चीजवर वाढवली.

पण एक गोष्ट मी त्याच्या बाजूने सांगेन. या घरातले कपडे वाळत घालतो तो हेमिशच. आणि चिमटे लावता लावता तो विचार करतो, तोही मोठ्याने. त्याला वाटतं, आपण एकटे आहोत. त्यामुळे तत्त्वज्ञान मला जवळजवळ सगळं येतं.

त्याचा विषय एकच, वचन. दिलेला शब्द म्हणजे नेमकं काय, तो का पाळायचा, नाही पाळला तर नेमकं काय बिघडतं. त्यावर त्याने उशी म्हणून वापरता येईल एवढं जाड पुस्तक लिहिलंय. पुस्तकभर दोनच माणसं आहेत, अ आणि ब. अ ने ब ला सांगितलं की मी चार वाजता येतो. अ आला नाही. बस, एवढीच गोष्ट! पुढची सगळी पानं अ हा ब चं काय देणं लागतो, यावर.

आता पुस्तक सप्ताह जवळ आला होता. इथल्या शाळांत त्या आठवड्यात मुलं पुस्तकातल्या पात्रांचे पोशाख घालून मैदानाला फेरी मारतात. त्या मिरवणुकीला आईबाप जेवढे घाबरतात, तेवढे कर भरायलाही घाबरत नाहीत. एका रविवारी ब्रायोनी माझ्याखाली येऊन उभी राहिली.

"बाबा, मला पेलिकन व्हायचंय. त्या पोस्टमन पेलिकनच्या गोष्टीतला."

"होशील की! दुकानातून आणू."

"दुकानातला नको. तू कर. माझ्या वर्गातल्या जेसिंताच्या आईने तिचा स्वतः शिवलाय."

हेमिशने एक जुनी पांढरी चादर हातात धरून बघितली. "याचे पंख होतील. आणि चोचीखालची पिशवी कांद्याच्या जाळीची. शुक्रवारी सकाळी तयार!"

"वचन?"

"वचन." आणि त्याने माझ्या पायावर हात ठेवला, जणू मी कोर्टातलं धर्मपुस्तक.

सोमवारी विभागाची बैठक निघाली. मंगळवारी निबंध तपासायचे होते. बुधवारी त्याने पंखांची सुरुवात म्हणून चादर धुतली आणि माझ्यावर टाकली. ऑगस्ट म्हणजे इकडे भर हिवाळा, ऊन नावाला. चादर तशीच ओली लटकत राहिली.

मर्लने निखळलेल्या फळीच्या फटीतून डोकं घातलं. "काय रे प्रोफेसर, पोरीचा पेलिकन उडाला का?"

"वचन शुक्रवारचं आहे, मर्ल. आज बुधवार. तत्त्वतः मी अजून काहीच मोडलेलं नाही."

"माझा पहिला नवरा असंच बोलायचा," मर्ल म्हणाली. "तत्त्वतः तो अजून सिगारेट आणायलाच गेलाय."

कोरीन मोजे गोळा करत होती. तिने वरही न बघता सांगितलं, "मर्ल, हा शब्द देतो आणि मग त्यावर निबंध लिहितो. तू नादी लागू नकोस. हेमिश, मी करू का?"

"नाही, नाही! मी सांगितलंय ना तिला."

गुरुवारी बाहेरगावाहून एक मोठे विद्वान आले. विषय होता 'विश्वास'. हेमिश व्याख्यानाला गेला, तिथून जेवायला गेला, आणि विश्वासावर एवढं काही बोलला की चादर डोक्यातून पार गेली.

शुक्रवार उजाडला. कोरीन पहाटेच कामावर गेली होती. ब्रायोनी दार उघडून अंगणात आली आणि माझ्यासमोर थांबली. चादर होती तशी होती. अख्खी. ओली. एक कात्रीही लागलेली नव्हती. मला वाटलं, आता ही रडणार. माझे हात चार, पण डोळे पुसायच्या कामाचा एकही नाही.

ती रडली नाही. तिने तारेवरून बाबाचा निळा शर्ट काढला, अंगात घातला, बाह्या दुमडल्या. आत जाऊन एका पुठ्ठ्यावर मोठं 'ब' लिहून आणलं आणि माझेच दोन चिमटे घेऊन छातीवर लावलं. बगलेत ते उशीएवढं पुस्तक. इतक्यात अंगावर गाऊन आणि हातात कॉफी घेऊन हेमिश दारात आला. चादर बघून त्याचा चेहरा चादरीसारखा झाला.

"ब्रायोनी... अगं... हे काय घातलंयस?"

"पोशाख."

"कुणाचा?"

"तुझ्या पुस्तकातली आहे. ब."

"पण ब म्हणजे कुणी पात्र नाही, राणी. ते नुसतं उदाहरण आहे."

"ती चार वाजल्यापासून बसलीये," ब्रायोनी म्हणाली. "मी शेवटपर्यंत पानं उलटून बघितली. कुणी आलं नाही. तू तिला साधी खुर्चीसुद्धा दिली नाहीस."

हेमिशने कॉफी खाली ठेवली. मग तो धावत सुटला. "थांब, दहा मिनिटं! आत्ता करतो!" ओली चादर ओढून त्याने तिच्या खांद्यावर टाकली आणि चिमट्यांवर चिमटे लावत सुटला. कांद्याची जाळी सापडेना, म्हणून त्याने लसणाची आणली.

फटीतून मर्लचा आवाज आला. "हे भूत कुठल्या पुस्तकातलं?"

"पेलिकन आहे!" हेमिश ओरडला.

ब्रायोनीने चादर शांतपणे काढून त्याच्या हातात दिली. "राहू दे, बाबा. मला गार लागतंय." तिने दप्तर उचललं आणि बाजूच्या फाटकातून शाळेला निघून गेली.

शाळेचं मैदान आमच्या मागच्या कुंपणाला लागूनच आहे. पण हे मागचं कुंपण पत्र्याचं, माणसाच्या डोक्याहून उंच. थोड्या वेळाने पलीकडे भोंगा वाजला, मुलांचा कलकलाट सुरू झाला. हेमिश अजून चादर धरून उभा होता.

"काय रे," मर्लने विचारलं, "तुझ्या पुस्तकातल्या त्या माणसाचं शेवटी काय झालं? तो अ."

"तो प्रश्नच नाही, मर्ल. प्रश्न असा आहे की त्याच्यावरचं ऋण..."

"अरे, तो आला का नाही?"

"नाही."

"उशिरानेसुद्धा नाही?"

 माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हेमिशच्या तोंडून पुढचं वाक्य न येण्याची ही पहिलीच वेळ. मग तो आत पळाला आणि पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन बाहेर आला. त्यावर 'अ' होतं. ते त्याने गाऊनला चिमट्याने लावलं.

"पुढच्या दाराने जाऊ नकोस," मर्ल म्हणाली. "भोंग्यानंतर शाळेच्या फाटकाला कुलूप असतं. ऑफिसात सही कर, पाहुण्याचा बिल्ला घे, तोवर पोरं डबा खायला बसतील." तिने माझ्याकडे बघितलं. मला ती नजर अजिबात आवडली नाही. मग हेमिशला विचारलं, "वजन किती रे तुझं?"

मित्रांनो, माझ्या हाताला लोंबकळायचं नाही, हा या अंगणातला पहिला नियम. तो हेमिशनेच केलेला. त्यावर त्याने ब्रायोनीला खूपदा भाषणं दिली होती. आता तो स्वतः माझा एक हात दोन्ही हातांनी धरून लटकला. मर्ल फटीतून आत आली, तिने बाह्या वर सारल्या आणि हँडल फिरवायला सुरुवात केली. मी कण्हत कण्हत वर गेलो. हेमिशचे पाय जमिनीवरून सुटले. एक चप्पल लिंबाच्या झाडात गेली.

"पाय वर घे! ढकलतेय मी!"

"मर्ल, हळू! मला वाटतं, आपण याचा नीट विचार..."

मर्लने ढकललं. मी फिरलो. आयुष्यभर मी चादरी आणि मोजे फिरवले, तत्त्वज्ञ पहिल्यांदाच. पहिल्या फेरीला तो कुंपणावर आपटला. दुसऱ्या फेरीला त्याने कुंपणावर एक पाय टाकला, गाऊन अडकला, सुटला, माझ्या हातातून 'कर्र' असा आवाज आला, आणि डॉक्टर पेंगली पलीकडे गेले. माझा तो हात मात्र वाकला तो वाकलाच.

पण उंच झाल्यामुळे मला मैदान दिसत होतं. परी, समुद्री चाचे, दोन राक्षस आणि जेसिंता रांगेत उभे होते. मैदानाच्या कडेला निळा शर्ट घातलेली एक मुलगी दप्तरावर बसली होती. बाई तिच्यापाशी वाकून काहीतरी विचारत होत्या, आणि ती मान हलवत होती. मग सगळं मैदान एकदम वळून बघायला लागलं, कारण गवतातून एकाच चपलेतला, गाऊन फाटलेला माणूस लंगडत येत होता.

"मी अ आहे," हेमिश बाईंना म्हणाला. बाई दोन पावलं मागे सरल्या. मग तो ब्रायोनीकडे वळला. "मला उशीर झाला."

"हो," ब्रायोनी म्हणाली.

"त्याचं कारण असं की..." त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. "कारण काही नाही. मी विसरलो."

ब्रायोनीने जरा विचार केला. मग ती दप्तरावरून उठली. "बस इथे."

"फेरीत नको येऊ तुझ्याबरोबर?"

"नाही. मी एकटी जाऊन येते. तू वाट बघ."

हेमिश त्या चिमुकल्या दप्तरावर गुडघे हनुवटीशी घेऊन बसला. ब मैदानभर फिरली. तिने घाई केली नाही. चाचे, राक्षस, सगळे तिच्या पुढे निघून गेले. एका वळणावर तिने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. आणि अ बसून राहिला. त्याने खिशातून फोन काढला नाही, तो पुटपुटला नाही. ती जिकडे जाईल तिकडे त्याची मान वळत होती. फेरी पुरी करून ती त्याच्यासमोर आली, तेव्हा तो म्हणाला, "खूप लांब असतं गं हे."

"मग?" ब्रायोनी म्हणाली, आणि त्याच्या शेजारी, अर्ध्या दप्तरावर बसली.

बक्षीस जेसिंताला मिळालं. शिवणकाम खरंच सुंदर होतं, मी उगाच नावं ठेवणार नाही.

मित्रांनो, आता मी जुना झालो आहे. घरात कपडे वाळवायचं यंत्र आणायच्या गोष्टी चालतात, त्या मला ऐकू येतात. माझ्या तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. आमच्यासारख्या मुक्या, लोखंडी नोकरांच्या हातांना लोंबकळू नका, आम्हालाही दुखतं. आणि कुणाला 'थांब, आलोच' म्हणाल, तेव्हा त्याला बसायला जागा तरी आहे का, ते बघत जा.

शनिवारी सकाळी कोरीनने माझ्या वाकड्या हाताकडे बोट दाखवलं. "हे कोण करणार?"

मला वाटलं, आता हेमिश छातीवर हात ठेवून काहीतरी सुंदर बोलणार. तो सरळ आत गेला आणि पाना घेऊन आला.