वहिनींचे खळे

मातीला स्मरण असते, असे लिहिण्याची आपल्याकडे चाल आहे. कार्तिकातल्या सकाळी डोंगराआडून उशिराने येणारे ऊन पासलीच्या आमच्या घरापुढच्या ओल्या खळ्यावर तिरपे पडे, त्या उन्हात थोरल्या वहिनी उकिडव्या बसून चोपण्याने माती बडवू लागत, आणि मग मलाही ते वाक्य खरे वाटू लागे. एकदा मी ते त्यांना ऐकवलेही. हातातले चोपणे न थांबवता त्या म्हणाल्या, "मातीला घुशी असत्यात, भावजी. जरा तिकडं सरा, ओल्यावर पाय दिलाय तुमी."

चोपणे म्हणजे मूठ असलेली एक जाड लाकडी फळी. तिचा आवाज मोठा नसतो, पण समोरच्या डोंगरावर आपटून तो परत येई, आणि वहिनींचा पुढचा फटका नेमका त्या परतीच्या आवाजावर पडे. त्यामुळे दुरून येणाऱ्याला वाटे की पलीकडच्या उतारावरही कोणी बाई आपले खळे करते आहे आणि दोघींचे काही बोलणे चालले आहे. एसटीतून उतरून वळणावर आलो की मला आधी तो आवाज ऐकू येई आणि मग घर दिसे.

आमच्याकडे अंगण आणि खळे वेगळे नसते. भात कापून झाले की भारे घरापुढे येतात, तिथेच झोडले जातात, तिथेच रास पडते. पण ते अंगण दर वर्षी नव्याने करावे लागते, कारण पावसाळा ते खाऊन टाकतो. चार महिन्यांत त्यावर शेवाळ चढते, गवत माजते, गुरांच्या खुरांचे खड्डे पडतात. मग ते तासायचे, पाणी मारून चोपायचे, वाळू द्यायचे, भेगा पडल्या की पुन्हा चोपायचे आणि शेवटी शेणाच्या काल्याने सारवायचे. वहिनी सारवत तेव्हा त्यांचा उजवा हात अर्धवर्तुळे काढत जाई आणि एका वर्तुळाची कड दुसऱ्यावर माशाच्या खवल्यासारखी बसे. सारवणारे माणूस नेहमी मागे सरकत असते. पुरे झालेले काम त्याच्या डोळ्यांसमोर असते आणि राहिलेले पाठीमागे. जगाकडे पाहण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. वहिनींना तिच्यामुळे कंबरदुखी होती.

घर आधी माझ्या वडिलांचे होते, मग थोरल्या भावाचे झाले, तो गेल्यावर त्याच्या मुलाचे, सुनीलचे. स्वयंपाकघर रीतीप्रमाणे सुनेकडे गेले. राहिले ते खळे. ते वहिनींचे आहे असे कोणी कधी म्हटले नाही आणि कोणाला त्याविषयी शंकाही नव्हती. झोडणीच्या दिवसांत शेजारची बाई भारा डोक्यावर घेऊनच कुंपणाशी उभी राही. "वैनी, आमचं आनू का आज?" "आन की. पायताण तिकडं काढ आदी." खळ्यात चप्पल चालत नसे. ती अट भारा आणणाऱ्या बाईला होती, तशीच मत मागायला येणाऱ्या पुढाऱ्याला. एक पुढारी बुटाची नाडी सुटेना म्हणून काठावरूनच हात जोडून परत गेले होते. वहिनींनी त्यांनाच मत दिले. "शिस्तीचा हाय मानूस," म्हणाल्या.

अशा घरात पेव्हर ब्लॉक आले.

सुनील स्वभावाने वाईट नाही. पण पांढरे कपडे घालू लागल्यापासून त्याला मातीचे भय वाटू लागले होते. नसरापूरला हायवेच्या एका हॉटेलपुढे लाल-पिवळ्या ठोकळ्यांची जमीन त्याने पाहिली आणि ते त्याच्या मनातून जाईना. मुलीचा साखरपुडा ठरला, तेव्हा कारण मिळाले. "पाव्हणे येनार, गाड्या येनार. चिखलात कसं दिसंल?" साखरपुडा माघात होता. माघात पासलीला चिखल पाहायचा तर घागर ओतावी लागते. पण एकदा शोभेचा विचार डोक्यात शिरला की ऋतू मध्ये येत नाहीत. त्याने आईला विचारले नाही. विचारायचे राहून गेले असे म्हणता आले असते, तर मला निदान राग आवरता आला असता. विचारायचे असते हेच त्याला सुचले नव्हते. ज्या बाईच्या हातांनी ती जमीन जमीन झाली होती, तिला त्या जमिनीबद्दल काही म्हणायचे असेल, ही कल्पना त्या घरात एकाही सुशिक्षित डोक्याला शिवली नाही, आणि आमच्या घरात आता सगळेच सुशिक्षित आहेत.

विंझरवरून ठोकळ्यांचा टेम्पो आला, तेव्हा वहिनी नदीवर गोधड्या धूत होत्या. मी ओटीवर होतो. ब्लॉक बसवायला भोरचा रज्जाक आला होता. तो खळ्याच्या काठाशी थांबला, सवय नसताना चप्पल काढली, आणि अनवाणी आत जाऊन त्याने पहिली कुदळ मारली. तेवढ्यात वहिनी ओल्या गोधडीचे ओझे घेऊन परतल्या.

"मावशी, खनू का?" त्याने विचारले.

"मला काय इचारतूस? बोलावलं त्यानं. त्याला इचार."

"त्यांनी सांगितलंय. पर अंगन तुमचं दिसतंय."

"कशावरनं रं?"

"कुदळ शिरंना झालीय."

वहिनी हसल्या. त्यांच्या कामाची एवढी नेमकी तारीफ आमच्यापैकी कोणी केली नव्हती. आम्ही 'छान' म्हणत होतो. त्यांनी गोधडी वलणीवर टाकली, आत जाऊन रज्जाकला चहा आणला, आणि तो पीत असताना त्या खळ्याकडे पाठ करून बसल्या. त्या इतर वेळी कधी तशा बसत नसत. दुपारपर्यंत ते खळे ढेकळे होऊन कुंपणाशी पडले होते.

मग सोहळा झाला. अंगणाचे उद्घाटन होऊ शकते हे मला तोवर ठाऊक नव्हते. दारात फ्लेक्स लागला. त्यावर 'अंगण सुशोभीकरण सोहळा' अशी अक्षरे, कोपऱ्यात वहिनींचा हात जोडलेला फोटो आणि फोटोखाली 'प्रेरणास्थान'. मी तो शब्द वाचला आणि जेवण सोडून निघून जावेसे वाटले. ज्याचे जे आहे ते त्याच्या हातून काढून घ्यायचे आणि मग काढून घेतलेल्या जागेवर त्याचा फोटो लावायचा, ही आपल्या सार्वजनिक जीवनाची रीत आता घराच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी फीत कापली. नव्या ठोकळ्यांवर बुटांनिशी उभे राहून आपल्या संस्कृतीतील अंगणाचे स्थान त्यांनी पुष्कळ वेळ सांगितले. वहिनींना शाल आणि नारळ मिळाला. त्या पहिल्या रांगेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पाय जमिनीला लागू नयेत म्हणून किंचित उचलून, बसल्या होत्या. शेजारणीने विचारले, "वैनी, झाक झालंय की वो?" त्या म्हणाल्या, "व्हय. हॉटेलावानी."

त्या वर्षीचे भात ब्लॉकवर झोडले गेले. दोन ठोकळ्यांच्या फटीत दगडाची बारीक कच भरलेली असते, हे सुनीलला ठाऊक होते. केरसुणी फिरली की ती कच भाताबरोबर वर येते, हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. दाणे फटीत गेले आणि फटी पोत्यात आल्या. पुढे किती तरी दिवस त्या घरात जेवणाच्या पंगतीत कोणी ना कोणी घास थांबवून तोंडात बोट घाली. सुनील म्हणे, "फुडल्या साली ताडपत्री आनू." ते सोपे होते आणि कदाचित पुरेसेही. पण शेजाऱ्यांनी आपापले भारे शेतातच झोडायला घेतले. त्यांनी भांडण केले नाही, टोमणा मारला नाही. ते यायचे थांबले. त्या कार्तिकात वहिनी ओटीवर बसून होत्या, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. ते हात मी इतके रिकामे पूर्वी पाहिले नव्हते. एसटी चुकल्यावर स्टँडवर बसलेल्या माणसांसारखे ते दिसत होते. कुंपणाकडे त्यांची नजर मधूनमधून जाई. कोणी "आनू का?" म्हणत नव्हते. सून जेवायला हाक मारी आणि त्या उठत, पाहुण्यासारख्या.

पुढच्या वर्षी मी गेलो, तेव्हा वळणावरच थबकलो. चोपण्याचा आवाज येत होता. पण तो बदलला होता. खाली पोकळ नसलेल्या, कठीण वस्तूवर बडवल्यासारखा कोरडा, हट्टी. वहिनींनी कुंपणाशी पडलेली तीच ढेकळे फोडून, चाळून, भिजवून लाल-पिवळ्या ठोकळ्यांवर पसरली होती आणि त्या ती बडवत होत्या. माती सिमेंटला धरत नव्हती. सकाळी चोपलेला थर दुपारी पापुद्र्यासारखा उचले. त्या तो काढत, त्यात भाताचे तूस कालवत, पुन्हा थापत. त्यांचे खांदे वाकले होते, कपाळावरचा घाम भुवईशी येऊन थांबत होता, आणि चेहऱ्यावर तो जुना, कामात बुडालेला, कोणाशीही देणेघेणे नसलेला राग होता. रागात माणसे सुंदर दिसत नाहीत, असे म्हणतात. म्हणणाऱ्यांनी वहिनींना त्या कार्तिकात पाहिले नाही.

सुनील ओटीवर येरझाऱ्या घालत होता. "आये, लोकं काय म्हनतील? येवढं ब्लॉक टाकलं आन् वर श्यान?"

"लोकास्नी सांग, खाली हायती."

"नाना, तुमी तरी सांगा हिला."

मी म्हणालो, "खाली आहेत, हे खरंच आहे."

"तुमी बी तसलंच," सुनील म्हणाला आणि मोबाईल कानाला लावून घरात गेला. तो वाजला नव्हता.

थर धरला. कसा ते मला सांगता येणार नाही. कदाचित तुसामुळे, कदाचित कंटाळून. त्यावर शेण फिरले, खवल्याला खवला लागला आणि ते अंगण पुन्हा ओल्या पानासारख्या रंगाचे झाले. दुसऱ्याच दिवशी कुंपणापाशी एक भारा उभा राहिला. त्याखालून आवाज आला, "वैनी, आनू का?" वहिनींनी उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला. त्यांना ते दोन शब्द ऐकत राहायचे होते, असे मला वाटले. मग त्या नेहमीच्या आवाजात ओरडल्या, "आन की, का मुहूर्त काढू?"

त्यानंतर दर पावसाळा तो थर धुऊन नेई आणि दर कार्तिकात वहिनी तो पुन्हा चढवीत. सुनीलने वाद सोडला. पुढे पुढे तो स्वतःही काठाशी बूट काढून ठेवी.

गेल्या श्रावणात वहिनी गेल्या. आजार फार नव्हता. दहाव्याला नदीवर भाषणे झाली, कारण आता दहाव्यालाही भाषणे होतात. मातीशी नाळ जोडलेली माउली, असे एक जण म्हणाले. दुसऱ्याने तेच, माईक हातात घेऊन, अधिक सावकाश सांगितले. साहेबांनी तर अंगणाचा प्रसंगही सांगितला. वहिनींच्याच प्रेरणेने ते सुशोभित झाले, असे त्यांना आठवत होते. मी पाण्याकडे पाहत राहिलो. खोडून काढायला गेलो असतो तर भर नदीवर ओरडणारा म्हातारा दीर, एवढेच त्यातून निघाले असते.

कार्तिकात मी पुन्हा गेलो. चोपणे दाराआड उभे होते. सुनेने ते एकदा उचलून पाहिले होते म्हणे, पण तिची नोकरी वेल्ह्याला, सकाळची एसटी गाठायची; तिला मी बोल लावत नाही. पावसाने आपले काम केले होते. शेण, तूस, माती, हाताची ती अर्धवर्तुळे, सगळे ओघळून नदीकडे गेले होते. माणूस गेल्यावर त्याच्या हाताची खूण काळ किती अलगद पुसतो, आणि आठवणीला उभे राहायला मग हातभरही जमीन का उरत नाही, याचा विचार करत मी काठाशी उभा होतो, तोच सुनील येऊन शेजारी उभा राहिला. त्याचे डोळे भरलेले होते. खाली वाकून त्याने एका ठोकळ्यावरून बोट फिरवले.

"नाना, गावात समद्यांचं ब्लॉक उनानं पांढरं पडलं," तो म्हणाला. "आपलं बघा."

आमचे अजून नव्यासारखे आहेत. लाल लाल, पिवळे पिवळे.