पॉलिसीची कॉलर

सुई ओवायला सुनेला हाक मारावी लागायची, याचा मला भयंकर राग यायचा. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, डोळे मिटून काजं करीन असा माझा तोरा. आणि आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करा, नाहीतर मशीन बंद करा." मशीन बंद करून मी काय, भिंतीकडे बघत बसू?

विमा होता. पण कंपनीने फोनवरच हात झटकले. तुमची पॉलिसी एकाच वर्षाची आहे आणि मोतीबिंदूसाठी दोन वर्षं थांबावं लागतं, म्हणे. अहो, चार वर्षं मी दुसऱ्या कंपनीत हप्ते भरले होते! गेल्या वर्षी एजंटने गळ घातली, म्हणून पॉलिसी इकडे बदलून घेतली.

दवाखान्यात विम्याच्या खिडकीवर बसणारी मुलगी मोठी चुणचुणीत होती. म्हणाली, "मावशी, तोंडी नकार ऐकून घरी बसू नका. कुठल्या कलमाखाली नाकारलं ते लेखी मागा, तुमचा हक्क आहे तो. आणि बदलून घेतलेल्या पॉलिसीत जुनी वर्षं धरलीत का, ते कागदांत बघा."

सुनेने कपाट उपसलं. कागद कुठे गेले ते मला मात्र चांगलं ठाऊक होतं. विम्याचा कागद जाड आणि गुळगुळीत. असा कागद दिसला की माझी कात्री शिवशिवते. शेवटी मी खिळ्यावरून कापड बेतायच्या कागदी पॅटर्नची जुडी काढली आणि तिच्या पुढ्यात टाकली.

"आई! तुम्ही पॉलिसीची कॉलर कापलीत?"

"कफसुद्धा. आणि एक खिसा."

ती कपाळाला हात लावून बसली, मग हसत सुटली. हसता हसता वाचू लागली. कॉलरवर जुन्या पॉलिसीचा नंबर आणि तारीख होती, कफवर नव्या कंपनीचा शिक्का. खिशावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आधीच्या पॉलिसीत पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ धरला जाईल.' मी तिला ते दोनदा वाचायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दोघी कंपनीच्या ऑफिसात गेलो. साहेबाच्या शर्टाची कॉलर एका बाजूला वर चढलेली. धूसर दिसत असूनही मला ते खुपलं, आणि माझी भीती तिथेच संपली. मी टेबलावर तीनही तुकडे मांडले.

"आजी, हे फाटलेलं आहे. असं चालत नाही."

"फाटलेलं नाही, कापलेलं आहे. आणि आजी घरी. इथे मी तुमची ग्राहक. अख्खा कागद हवा तर तुमच्याकडची प्रत काढा."

"अहो, पण नियम..."

"तोच लिहून द्या. कलम घालून, सही करून. तो कागद घेऊन मी तुमच्या तक्रार कक्षाकडे जाईन. तिथे नाही भागलं तर विमा लोकपालाकडे. मला घाई नाही, मशीन बंदच आहे."

साहेबाने नकार लिहायला घेतला आणि कलम शोधू लागला. पानं पुढे गेली, मागे आली. पंख्याखालीही त्याला घाम फुटला. सून माझ्या कानात म्हणाली, "आई, सापडेना त्याला!" शेवटी त्याने आमची अख्खी प्रत छापून काढली, खिशावरचं वाक्य तिच्यात स्वतःच वाचलं आणि उठून आतल्या मोठ्या साहेबांकडे गेला. परत आला तो हात जोडूनच.

"चूक आमची आहे. जुनी वर्षं धरायची राहिली."

"लेखी द्या," मी म्हटलं.

मंजुरी लेखीच मिळाली. घरी आल्याबरोबर सुनेने घरातल्या सगळ्या कात्र्या लपवल्या.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पट्टी निघाल्यावर मी आधी तो खिसा हातात घेतला आणि मुंगीएवढं अक्षर न् अक्षर स्वतः, मोठ्याने वाचलं. मग सुई घेतली. सून सवयीने धावत आली.

"बस तिथेच," मी म्हटलं, आणि पहिल्याच खेपेला दोरा आरपार घातला.