व्यंकोजीरावांचे दोनशे

मी एक लोखंडी रॉड बोलतोय. दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटा चढवून माणसं जो उचलतात, तो. नुसतं माझंच वजन वीस किलो. हात घसरू नयेत म्हणून माझ्या अंगावर बारीक खाचा कोरल्या आहेत, आणि त्या खाचांमधून आजवर मी पुष्कळ तळहात ओळखून आहे. मऊ, घामट, भित्रे, अंगठ्या न काढलेले, आणि नुसतं धरून फोटो काढून घेणारे.

माझा जन्म बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथच्या कारखान्यात झाला. तिथून बसवंतने मला जे. पी. नगरात आणलं. बसवंत मूळचा बेळगावकडचा. तरुणपणी राज्य पातळीवर वजनं उचलायचा, आता पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर व्यायामशाळा चालवायचा. खाली गिरणी सुरू झाली की वर आमच्या प्लेटा थरथरायच्या. नवी पोरं समजायची, आपल्याच जोराने जमीन हादरतेय. बसवंत कधी त्यांचा गैरसमज दूर करायचा नाही.

मी आलो तेव्हा दारावर 'व्यायामशाळा' अशी पाटी होती. मग गावात कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या आणि बसवंतने पाटी रंगवून घेतली, 'फिटनेस सेंटर'. आत काही बदललं नाही, फक्त आरसा मोठा झाला. कमरेला पेजर लावलेले तरुण येऊ लागले. ते मला एकदा उचलायचे आणि आरशात चारदा बघायचे. अशा दिवसांत एका सकाळी व्यंकोजीराव जिना चढून आले.

व्यंकोजीरावांचं चिकपेटेत कापडाचं दुकान. साठीला टेकलेले, पोट पुढे, गुडघे बाहेर, इस्त्रीच्या पँटवर चामड्याचा पट्टा. त्यांचं घराणं बंगळूरच्या जुन्या मराठी घराण्यांपैकी. पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आले, हे ते ओळख झाल्यावर लगेच सांगत आणि ओळख नसली तर आधी. घरी भिंतीवर त्या पूर्वजाची तलवार होती. ती फार जड म्हणून कुणी खाली काढत नसे. दसऱ्याला स्टुलावर चढून जागच्या जागीच कुंकू लावत. दुकानाचं शटर नोकर यल्लाप्पा उचलायचा.

तर झालं होतं असं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मराठा मंडळाची पालखी निघाली. खांदा द्यायचा मान व्यंकोजीरावांचा. फेटा बांधला, छाती काढली, दांड्याखाली खांदा घातला, आणि दहा पावलांत गुडघ्यांनी राजीनामा दिला. पालखी तिरकी झाली. मंडळाचे अध्यक्ष प्रतापराव सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "व्यंकोजी, सोड बाबा. तू आपला मागून अब्दागिरी धर."

अब्दागिरी म्हणजे देवांवर किंवा राजांवर धरायची छत्री. वजनाला अगदीच हलकी. ती धरून व्यंकोजीराव मिरवणूकभर चालले, आणि ते ओझं त्यांना पेलवलं नाही.

"बसवंत अण्णा," ते म्हणाले, "मला ताकद पाहिजे. पुढच्या वर्षापर्यंत."

बसवंतने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवलं. "उचला बघू."

व्यंकोजीरावांनी माझ्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. "वजन कुठं आहे?"

"ह्येच वजन की ओ."

ते वाकले. कण्हण्याचा आवाज निघाला, तो कमरेचा की पट्ट्याचा ते मला कळलं नाही. मी जमिनीपासून वर आलो, त्यांच्या मांड्यांपर्यंत पोहोचलो आणि ते ताठ उभे राहिले. चेहरा जांभळा. आरशासमोरचे दोन पेजरवाले हसले. पण त्या हातांनी मला टाकलं नाही. नव्या साड्यांचा गठ्ठा ग्राहकापुढे ठेवावा तसं हळूच खाली ठेवलं. तिथेच मला हा माणूस आवडला.

मला उचलण्याचे तीन प्रकार. खांद्यावर घेऊन खाली बसायचं आणि उठायचं, उताणं पडून छातीवरून वर ढकलायचं, आणि जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं. व्यंकोजीरावांना हा तिसरा जमला. पुढे त्याचा नादच लागला. दुकान उघडायच्या आधी ते येत. दर थोड्या दिवसांनी बसवंत छोट्या प्लेटांची एक जोडी वाढवायचा. पेललं की व्यंकोजीराव खिशातून शिंप्याचा निळा खडू काढून भिंतीवर एक रेघ ओढत आणि बाजूला किलोंचा आकडा लिहीत. लहान मुलांची उंची भिंतीवर मापतात ना, तशी ती शिडी वर चढत गेली. एखाद्या महिन्यात पाठ धरायची, रेघ जागची हलायची नाही. तेव्हा ते खडू हातात घेऊन नुसते उभे राहायचे, आणि मग खिशात टाकून निघून जायचे.

पण दुसऱ्या दिवशी यायचे.

घरी सुशीलाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, आधी वाटलं नवऱ्याला काहीतरी आजार झालाय आणि हे लपवतायत. एकदा त्या स्वतः जिना चढून बघायला आल्या. नवरा मला उचलून लालबुंद उभा. त्या म्हणाल्या, "अहो, हे खाली ठेवायला कुणी सांगितलं की नाही?"

"ठेवतो गं. स्वल्प थांब."

"वर उचलायचं, परत खाली ठेवायचं. मग उचललं कशाला?"

या प्रश्नाला आमच्या धंद्यात आजतागायत उत्तर नाही. पण पुढे दुकानाचं शटर व्यंकोजीराव स्वतः उचलू लागले. यल्लाप्पाला आपली नोकरी जाणार अशी भीती वाटू लागली. सदरे खांद्यात घट्ट व्हायला लागले, तेव्हा सुशीलाबाईंनी मुकाट्याने सगळ्यांची शिवण उसवून घेतली. मला वाटतं, कौतुक करायची ती त्यांची पद्धत.

इथवर सगळं सरळ चाललं होतं. घोटाळा केला तो पौंडांनी.

बसवंतच्या भिंतीवर एक जुना तक्ता होता, किलोचे पौंड किती ते दाखवणारा. व्यंकोजीराव नव्वद किलोंवर पोहोचले त्या दिवशी त्यांची नजर तक्त्याकडे गेली. नव्वद किलो म्हणजे जवळजवळ दोनशे पौंड. दोनशे! आकडा त्यांनी दोनदा तोंडात घोळवला. संध्याकाळी मंडळात प्रतापरावांनी विचारलं, "काय व्यंकोजी, अजून काठ्या उचलतोस का?" व्यंकोजीराव म्हणाले, "दोनशेच्या आसपास गेलोय." कुणीतरी विचारलं, "किलो?" तेवढ्यात चहा आला, आणि व्यंकोजीराव बशी फुंकण्यात गढून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ही गोष्ट बसवंतला हसत सांगितली. आठवड्याने मंडळाची माणसं जिना चढून आली, तेव्हा हसू गेलं.

पुढे प्रतापराव होते. "व्यंकोजी, तू आपल्या रक्ताचं नाव राखलंस. वार्षिक स्नेहसंमेलनात तुझा सत्कार. आणि सगळ्यांसमोर दोनशे किलो उचलून दाखवायचे. पत्रिका छापून झाल्या, आता नाही म्हणायचं नाही." आणि जाता जाता त्यांनी व्यंकोजीरावांच्या दंडाला असा हात लावला, जसा माणूस उधार दिलेल्या वस्तूला लावतो.

ते गेल्यावर व्यंकोजीराव बाकावर बसले. बसवंतही बसला.

"खरं सांगून टाका की. पौंड म्हणायचं राहून गेलं म्हणा."

"पालखी आठवते मला," व्यंकोजीराव म्हणाले. "सगळी गल्ली हसत होती. परत एकदा नाही जमणार, अण्णा."

बसवंत वाईट माणूस नव्हता. पण संमेलनाच्या पत्रिकेत त्याच्या फिटनेस सेंटरचंही नाव छापलं होतं. शेवटी म्हणाला, "लाकडी प्लेटा करून घेऊ या. काळा रंग मारायचा, वर पांढऱ्या अक्षरांत आकडा. खाली ठेवताना बँड वाजवायला लावू."

व्यंकोजीराव 'नको' म्हणाले. मग 'बघू' म्हणाले. मग कानडीत 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणाले.

संमेलनाच्या दिवशी मला धुऊन-पुसून सभागृहात नेलं. स्टेजवर रांगोळी, मागे झेंडा, समोर गच्च माणसं. माझ्या दोन्ही बाजूंना काळ्या चकत्यांची रांग चढली. बघणाऱ्याला धडकी भरावी अशी. मला मात्र लग्नाच्या वरातीत खोटे दागिने घातलेल्या घोड्यासारखं वाटत होतं. खरे दोनशे किलो चढले की मी मधून किंचित वाकतो. त्या दिवशी मी सरळ होतो. पण रॉडकडे बघतो कोण? सगळे आकड्याकडे बघतात.

व्यंकोजीराव पुढे आले. मला धरलं तेव्हा त्यांचे तळहात गार पडले होते. त्यांनी मला उचललं. कण्हायचं विसरले, मग आठवण होऊन कण्हले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी मला खाली ठेवलं तेव्हा लोखंडाचा खणखणाट झाला नाही, पाटावर पाट ठेवल्यासारखा आवाज झाला. पण बँडवाल्यांनी वेळ साधली.

प्रतापरावांनी शाल घातली, हार घातला, आणि माइक हातात घेतला. खरं तर इथे संपायला हवं होतं. पण टाळ्या व्यंकोजीरावांना पडत होत्या, आणि हे प्रतापरावांना सहन होईना. भाषण करता करता ते माझ्याजवळ आले. "अहो, आपण सगळे त्याच मातीतले!" असं म्हणून धोतर सावरून वाकले.

व्यंकोजीराव पुढे झाले. "प्रतापराव, नको! पाठ..."

प्रतापरावांनी मला उचललं. सहज. एका झटक्यात, छातीपर्यंत.

क्षणभर त्यांच्या डोळ्यांत मला शंका दिसली. हातांना खरं कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या माणसांकडे पाहिलं. शंका विरघळली. "बघितलंत?" ते गरजले. "याला म्हणतात रक्त!"

मग कोण थांबतंय. खजिनदार आले, त्यांनी उचललं. दम्याचा त्रास असलेले सेक्रेटरी आले, त्यांनी उचललं. महिला विभागाच्या अहल्याबाई पदर खोचून आल्या, त्यांनी कमरेपर्यंत नेलं. प्रत्येकाच्या हातांना कळत होतं आणि प्रत्येकाचं तोंड गप्प बसत होतं. दोनशे किलो लाकडाचे निघाले असते, तर प्रत्येकाचे दोनशे गेले असते. बँडवाले दमून गेले.

व्यंकोजीराव शाल पांघरून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. शेजारी सुशीलाबाई. खरे नव्वद किलो उचलणारा त्या सभागृहातला एकटा माणूस, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"अहो, हे वजन..." सुशीलाबाई म्हणाल्या.

"लाकडाचं आहे."

"ते दिसतंय. अहल्याला घरी गव्हाचं पोतं जागचं हलवता येत नाही. मी विचारत होते, तुम्ही भिंतीवर रेघा मारल्यात, त्याही...?"

"त्या खऱ्या आहेत गं." ते म्हणाले. "एकूण एक खरी."

सुशीलाबाईंनी नवऱ्याच्या गळ्यातला हार काढून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या सकाळी व्यंकोजीराव आले ते रोजच्यापेक्षा लवकर, आणि सुशीलाबाई बरोबर. लाकडी चकत्या त्यांनी जिन्याखाली नेऊन टाकल्या. बसवंतला म्हणाले, "शंभर लाव. लोखंडाचे." शंभरापर्यंत ते कधी गेले नव्हते. मधल्या रेघा बाकी होत्या. बसवंतने "आणखी दोन महिने थांबा की" म्हणून बघितलं. त्यांनी ऐकलं नाही.

पहिल्या खेपेला मी जमीन सोडली नाही. दुसऱ्या खेपेला गुडघ्यांपर्यंत आलो आणि परत गेलो. गिरणीचा आवाज येत होता, तेवढाच. सुशीलाबाई बाकावरून उठल्या, नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि पुन्हा बसल्या. तिसऱ्या खेपेला तळहात खाचांवर असे बसले की मला त्यांच्या नाडीचे ठोके लागत होते. मी निघालो. गुडघ्यांशी अडलो. ते थरथरले, मी थरथरलो, आणि एकदम ते ताठ उभे राहिले. खाली ठेवलं तेव्हा असा खणखणाट झाला की गिरणीवाला ओरडत वर आला.

"झालं?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"झालं."

खडू काढून रेघ मारली ती सुशीलाबाईंनी. वाकडी आली. तशीच आहे अजून.

पुढची हकीकत व्यंकोजीरावांनीच बसवंतला सांगितली, पोट धरून हसत. त्या संध्याकाळी मंडळात जाऊन ते सरळ म्हणाले, "आज मी शंभर किलो उचलले. खरे." खजिनदारांनी कीव आल्यासारखं पाहिलं. प्रतापराव उठले, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस, व्यंकोजी. वय झालं की उतार पडायचाच. मीसुद्धा हल्ली दोनशेच्या वर जात नाही."

त्यानंतरच्या शिवजयंतीला मंडळात एवढे बलवान झाले होते की पालखीला खांदा द्यायला भांडणं झाली. शेवटी पालखी ट्रॅक्टरवर ठेवली.

आता माझ्या खाचा झिजल्या आहेत, एका टोकाला गंज धरलाय. सर्जापूर रोडवरच्या कंपन्यांतून येणारी पोरं विचारतात, "नवीन मशीन कधी येणार?" येईल तेव्हा येईल. मला कुठल्याही कोपऱ्यात ठेवा, पण एक मागणं आहे. माझ्यावर कपडे वाळत घालू नका. आणि मला उचललंत तर जितकं उचललं तितकंच सांगा, किलो की पौंड तेही सांगा.

जिन्यावर चपला वाजतायत. व्यंकोजीराव आले. आज त्यांना नवी रेघ मारायचीय, तेव्हा मी इथेच थांबतो. उचलताना बडबड केलेली बसवंतला चालत नाही.