विश्राम म्हणायचं नाही

मोठे डॉक्टर खोलीत आले आणि अगदी मायेनं म्हणाले, "विश्राम, विश्राम!"

झालं. आठ खुर्च्या करकरल्या. आठ म्हातारे ताडकन उभे. हात पाठीमागे, छात्या पुढे. हवालदार तर एकाच पायावर, कुबडी न घेता.

जैसे थे.

कवायतीत हुकूम चुकला की असं ओरडतात आणि सगळे आधीच्या जागी जातात. आपणही गोष्ट तशीच मागे नेऊ.

माजी सैनिकांच्या त्या दवाखान्यात, ड्रेसिंगच्या खोलीला लागून, श्वासवाल्या बाईंना सहा आठवड्यांसाठी खोली मिळाली होती. रोज सकाळी अर्धा तास संथ श्वास, गोळ्या चालूच. आज मुदत संपत होती. मोठ्या डॉक्टरांची सही झाली तर हा वर्ग उपचारांच्या कागदावर चढणार. नाही झाली तर खोलीत जुन्या फायली.

सही होणार, याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती. कारण डॉक्टरांनी आज केली तीच चूक बाईंनी स्वतः पहिल्या दिवशी केली होती, आणि ती सावरायची कशी हे त्या तेव्हाच शिकल्या होत्या. इतरांना विश्राम म्हणजे पाठ टेकणं. या आठांना तो ताठ उभं राहायचा हुकूम. त्या दिवशी सिस्टर पोट धरून हसली होती. हवालदार गुरगुरले होते, "बाई, हा शब्द ऐकला की पाठीचं लाकूड होतं."

"बरं, मग अंग सैल सोडा."

"सोडायला ते काय बैल आहे?"

बाईंनी ते दोन्ही शब्द टाकून दिले आणि म्हाताऱ्यांनाच विचारलं, नोकरीत तुमचा जीव खरा निवांत कधी व्हायचा?

आता पुढे चला. आठजण उभे आहेत, डॉक्टर गोंधळलेत.

बाई जागच्या हलल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "पहारा बदलला."

खांद्यांच्या आठ जोड्या खाली आल्या. खुर्च्या भरल्या. कुणीतरी इतका लांब उसासा सोडला की सिस्टरच्या हातातला कागद हलला.

"हे काय होतं?" डॉक्टर.

"दुसरा गडी जागेवर आला, साहेब," हवालदार म्हणाले. "आता आपण नुसतं बसायचं."

"छान. पण पुरावा?"

सिस्टरनं वाचून दाखवलं. हवालदारांच्या नसलेल्या पायातली कळ: दहापैकी नऊ होती, आता चार. झोपेची गोळी: अर्धी.

"अर्धी कुणी केली?"

"तुम्हीच, साहेब. गेल्या सोमवारी. 'गरज दिसत नाही' असं लिहिलंय."

डॉक्टरांनी आपलंच अक्षर जवळ धरून पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं. दुसऱ्या कुणाला इतकं वाईट जमलं नसतं.

"म्हणजे माझी औषधं बंद करायची म्हणता?"

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही गोळी द्या, मी श्वास देते. कमी-जास्त तुम्ही ठरवा. फक्त दोन्ही एकाच कागदावर हवं."

छापील कागदावर तीनच रकाने होते: गोळी, इंजेक्शन, मलमपट्टी. डॉक्टरांनी पेन काढलं आणि मोजपट्टी न लावता चौथी रेघ ओढली. वाकडी. तिच्या डोक्यावर 'श्वास' लिहिलं, खाली सही केली आणि थांबले.

"मात्रा किती लिहू?"

बाईंच्या आधी हवालदार बोलले. "दिवसातून एकदा. उपाशीपोटी चालेल."