अंगठ्याखालचा श्वास

रहीम मिस्त्रीची हत्यारांची पेटी आज दुपारी गडचिरोलीला जाणार होती. काचबिंदूनं त्याचे डोळे जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागचं त्याचं गॅरेज बंद होऊनही तितकीच. पेटी पलंगाखाली पडून असायची. झाडताना त्याच्या बायकोला, जरीनाला, ती रोज ठेच द्यायची आणि जरीना तिला रोज शिव्या द्यायची. शेवटी तिनंच तौसीफला निरोप धाडला. तौसीफ रहीमचाच चेला, आता गडचिरोलीत स्वतःचं गॅरेज टाकलेला. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "घेऊन जाय म्हना." त्या दिवशी त्यानं ताटात अर्धी भाकर तशीच ठेवली.

जरीनाला त्या पेटीचं कौतुक कधीच नव्हतं. ती शिवणकाम करणारी बाई. तीस वर्षं तिनं नवऱ्याच्या कपड्यांतलं काळं तेल धुतलं होतं. मिस्त्रीकाम म्हणजे नट पिळायचे, हात बरबटवायचे आणि त्याच हातांनी माठातलं पाणी घ्यायचं, अशी तिची पक्की समजूत होती.

सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी एक गाडी खोकत आली. ओट्यावर बसलेल्या रहीमनं मान वर केली.

"गुणवंतरावची अॅम्बेसेडर. तिसरं सिलिंडर नाई चालून राह्यलं."

गुणवंतराव वैनगंगेकाठचे धानवाले, जुने गिऱ्हाईक. ते आले होते नुसते भेटायला, नव्या तांदळाची पिशवी घेऊन. प्लग बदलायला पुढं गडचिरोलीला जायचा बेत होता आणि नवे प्लग डिकीत होते, हे त्यांनी जरा ओशाळतच सांगितलं. आंधळ्या माणसाला दुसरं काय सांगणार?

"चार प्लग तं बदलाचे हायेत, भाऊ," रहीम म्हणाला. "इथीच अंगनात बदलू. जरीना करते."

"मी?" जरीना ओरडलीच.

"डोये तुहे, बाकी माह्यं."

कितीतरी महिन्यांनी त्याच्या आवाजात ही ऐट आली होती, म्हणून ती गुमान पदर खोचून उभी राहिली. तिनं पलंगाखालची पेटी अंगणात आणली, गुणवंतरावांनी बॉनेट उघडून दांडीवर टेकवलं. रहीमनं बजावलं, एक वायर काढायची, तिचा प्लग बदलायचा, वायर लावायची, मगच दुसरीला हात लावायचा. जरीनानं ऐकलं, पण हात शिवणारणीचे. जुनं पोलकं हाती आलं की आधी सगळ्या शिवणी उसवून मोकळं व्हायचं, ही तिची सवय. तिनं चारी वायरी सटासट उपटल्या, प्लगपान्यानं चारी प्लग काढले आणि ओट्यावर ओळीनं मांडून ठेवले.

"रंग सांग," रहीम म्हणाला.

रंग हा तिचा प्रांत. "तीन चहाच्या डागासारखे भुरे. तिसऱ्या नंबरचा काजयासारखा, अन् वरून चिकट."

गुणवंतरावांनी रहीमकडं डोळे मोठे करून पाहिलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच हा माणूस हेच तर म्हणाला होता. जरीनाच्याही अंगावर काटा आला. पण ओट्यावर चाचपणारी रहीमची बोटं चौथ्या प्लगवर येऊन थांबली.

"चारी प्लग ओट्यावर हायेत? तू वायरी एकेकच काढल्या ना?"

जरीनानं बॉनेटखाली पाहिलं. चारी वायरी एकमेकींत गुंतून लोंबत होत्या.

"घ्या," गुणवंतराव म्हणाले. "आता कोनती कोनाची, काय समजनार? अदलाबदल झाली तं गाडी चालूच होनार नाई. जाऊ द्या रहीमभाऊ, दुपारी तौसीफ येनार म्हनता, तं त्यालेच दाखवू."

जरीनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षांनी नवऱ्यानं कामाला हात घातला आणि तिनंच त्याची फजिती केली होती. आता पेटी जाणार ती हीच आठवण घेऊन.

रहीमनं मात्र बाह्या वर सारल्या. "गाडीलेच विचारू. हँडल घाला, भाऊ. हयूहयू फिरवा."

गुणवंतरावांनी समोरून लोखंडी हँडल घालून फिरवायला सुरुवात केली. रहीमनं पहिल्या प्लगच्या रिकाम्या भोकावर अंगठा ठेवला. "बस, थांबा." मग ज्या डबीतून चारी वायरी निघतात तिचं झाकण त्यानं चाचपून उघडलं. आत घड्याळाच्या काट्यासारखा एक काटा होता. तो कुठं वळलाय हे त्यानं बोटानं पाहिलं, झाकण लावलं आणि त्या जागेवरून निघालेली वायर टोकापर्यंत चाचपत नेली.

"ही पह्यल्याची. आता तुहा अंगठा दे."

त्यानं तिचा अंगठा धरून तिसऱ्या भोकावर टेकवला. हँडल फिरलं. आधी तिची कातडी हळूच आत ओढली गेली. मग खालून हवेचा असा रेटा आला की अंगठा उचललाच गेला. जरीनानं हात झटकन मागं घेतला आणि लगेच पुन्हा ठेवला. तान्ह्या लेकराच्या टाळूवर हात ठेवल्यावर काळजात जसं हलतं, तसं तिला झालं.

"हे श्वास घेते!"

"घेतेच. ज्याचा श्वास भरला, त्यालेच त्या टायमाले ठिनगी देयाची. पह्यलं, मंग तिसरं, मंग चौथं, शेवटी दुसरं. मले तं पाठ हाये, पन तू पाह्य."

तिनं एकेका भोकावर अंगठा ठेवून पाहिलं. श्वास अगदी त्याच क्रमानं आला. एवढं हे रोज याच्या बोटांखाली चालत होतं आणि आपण तीस वर्षं फक्त डाग पाहिले.

नवे प्लग तिनं आधी हातानंच फिरवत बसवले, सुई ओवावी इतक्या जपून. पाना शेवटी लावला. डबीतला काटा फिरतो त्या दिशेनं रहीमनं एकेक वायर हातात दिली आणि तिनं ती त्याच क्रमानं चढवली. गुणवंतरावांनी चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. रहीम बॉनेटच्या कडेवर तळवा ठेवून उभा होता.

"चारी," तो म्हणाला. गुणवंतरावांनी त्याला मिठी मारली.

दुपारी तौसीफची जीप आली. उस्तादांना सलाम करून, पाणी पिऊन त्यानं अंगणातली पेटी उचलली. "चाची, नेऊ ना?"

जरीनानं अजून हात धुतले नव्हते. त्याच काळ्या हातांनी तिनं माठातून तांब्या भरला आणि रहीमच्या हातात दिला.

"पेटी कामात हाये," ती म्हणाली.

"कोनाच्या कामात?" रहीमनं विचारलं.

"आपल्या. डोये माहे, बाकी तुमचं."

तौसीफनं पेटी खाली ठेवली.